शरणपूरचे आफ्रिकी : त्यांचें धर्मनेतृत्व व त्याविषयींच्या साधनांची चिकित्सा

१

प्रस्तुत विषय पाहून कांहीं वाचक क्षणभर थबकतील. आफ्रिकेंतील ख्रिस्ती मंडळ्यांत तद्देशीय पुढारी कसे निपजले, हा प्रश्न आमच्या मंडळाच्या कक्षेंत कसा येतो, अशी शंका त्यांस येणें रास्त आहे. तिचें उत्तर थोडक्यांत देतां येतें : पूर्व आफ्रिकेंतील त्या पुढाऱ्यांची पहिली पिढी नाशिकास शिकली.

आमच्या इतिहासास आफ्रिकी मनुष्य अपरिचित नाहीं. मलिक अंबर (मृत्यु इ. स. १६२६) आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यावांचून सतराव्या शतकाची कथाच पुरी होत नाहीं. परंतु हा मनुष्य फौजेचा किंवा किल्ल्याचा धनी असला तरच तो आमच्या दृष्टीस पडतो. एकोणिसाव्या शतकांत याच किनाऱ्यावर जीं आफ्रिकी मुलें उतरलीं, त्यांच्या हातीं पाटी देण्यांत आली. म्हणून असेल, पण बखरींच्या अभ्यासकांनीं त्यांची दखल घेतली नाहीं. आणि ख्रिस्ती मिशनांचे कागद हे ‘आपल्या’ इतिहासाचे कागद नव्हेत अशी जी एक समजूत आमच्यांत रुजली आहे, तिनें उरलेलें काम केलें. त्यांस सरसकट ‘हबशी’ म्हणणेंही चूक आहे. हबसाण म्हणजे अबिसिनिया. या मुलांपैकीं ज्यांचीं कुळें ठाऊक आहेत त्यांतील पुष्कळ मुलें न्यासा सरोवराकडील याव जातीचीं होतीं.

या दुर्लक्षांत आमचाही वांटा आहे, तो आधींच कबूल करितों. शाळेंत शिकवीत असतां लिव्हिंग्स्टनचा धडा आला कीं, त्याचें शव दोघां इमानी नोकरांनीं समुद्रापर्यंत नेलें, एवढें सांगून आम्ही पुढच्या धड्याकडे वळत असूं. त्या मंडळींत कांहीं जण नाशिकचे विद्यार्थी होते, हें क्रमिक पुस्तकांत नव्हतें आणि आम्हींही शोधिलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चुकीची उशिरां केलेली दुरुस्ती होय.

२

प्रथम वस्तुस्थिति. गुलामांची ने-आण करणारीं गलबतें इंग्रजी आरमारानें पकडलीं म्हणजे त्यांवरील माणसांपैकीं कांहींस मुंबईस उतरवीत, आणि लहान मुलें निरनिराळ्या मिशनांच्या स्वाधीन करीत. चर्च मिशनरी सोसायटीनें नाशिकजवळ १८५४ च्या सुमारास शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसविली. तेथें अशा मुलांसाठीं आश्रयगृह निघालें. लिहिणें-वाचणें आणि धर्मशिक्षण यांजबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे धंदेही शिकवीत. वुइल्यम साल्टर प्राइस हे तेथील मुख्य होते.

१८६४ त वुइल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर हे दोघे शरणपूरकर मोंबासाजवळील रबई येथें रेबमन या जर्मन मिशनऱ्याच्या मदतीस गेले. जॉर्ज डेव्हिड हा तिसरा त्यांस मागाहून मिळाला. १८६५ त लिव्हिंग्स्टन नाशिकास येऊन गेला, आणि १८६६ च्या जानेवारींत मुंबईहून निघतांना त्यानें शरणपूरचे नऊ तरुण बरोबर घेतले. १८७२ त आणखी सहा जण त्याच्या मदतीसाठीं धाडले गेले : जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, केरस फरार, आणि रिचर्ड व बेंजामिन रटन. जून १८७३ त सर बार्टल फ्रियर यांच्या खटपटीनें झांजिबारच्या सुलतानानें गुलामांचा बाजार बंद करण्याचा तह केला; तेव्हां सुटलेल्या माणसांसाठीं मोंबासापाशीं ‘फ्रियर टाउन’ ही वसाहत काढण्याचें काम प्राइस यांजवर आलें. शरणपूरचें आश्रयगृह मोडलें आणि पश्चिम हिंदुस्थानांतील सुमारें दीडशें आफ्रिकी लोक तिकडे गेले. तेथें त्यांस ‘मुंबईकर आफ्रिकी’ असेंच म्हणत.

रत्नागिरी जिल्ह्याचाही या कथेस एक धागा लागतो. स्कॉटिश मिशनचें पश्चिम हिंदुस्थानांतील काम १८२३ त आमच्या बाणकोट येथें सुरू झालें. डॉ. जॉन विल्सन १८२९ त या देशांत आले तेव्हां मराठी शिकण्यासाठीं ते प्रथम बाणकोट-हर्णैकडेच राहिले. पुढें १८६४ त लिव्हिंग्स्टननें चुमा या याव मुलास मुंबईस ज्यांच्या शाळेंत ठेविलें ते हेच विल्सन. चुमाचा बाप्तिस्मा त्यांनींच केला.

३

आतां साधनांकडे वळूं. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या दिवसांसंबंधीं जगभर जें सांगितलें जातें, त्याचा मुख्य आधार होरेस वॉलर यांनीं संपादिलेली आणि १८७४ त लंडनास दोन भागांत छापलेली त्याची अखेरची रोजनिशी हा होय. या ग्रंथाचे दोन थर आहेत आणि ते वेगळे काढल्यावांचून त्याचा उपयोग करणें धोक्याचें आहे. पहिला थर लिव्हिंग्स्टनच्या स्वतःच्या टिपणांचा. तो २७ एप्रिल १८७३ रोजीं संपतो. त्यापुढील सर्व हकीकत, म्हणजे मृत्यु, शव वाळवून बांधणें, नऊ महिन्यांचा प्रवास आणि बागामोयो येथें समुद्रकांठीं पोंचणें, ही सुसी व चुमा यांनीं इंग्लंडास येऊन तोंडीं सांगितली आणि वॉलर यांनीं आपल्या इंग्रजींत लिहिली. सांगणारे दोघे, लिहिणारा तिसरा, आणि ग्रंथास नांव चवथ्याचें. ज्यांनीं बखरी चाळल्या आहेत त्यांस अशा रचनेंत कोठें काय बदलतें हें सांगावयास नको.

याच्या शेजारीं दुसरें साधन ठेवावयाचें तें जेकब वेनराइट याच्या रोजनिशीचें. ती त्यानें स्वतःच्या हातानें, इंग्रजींत, प्रवास चालू असतांना लिहिली. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूच्या वेळीं त्या तळावर असलेल्या आफ्रिकी मनुष्याच्या हातची समकालीन नोंद म्हणून तिचें मोल उघड आहे. परंतु तिचें नशीब पाहा. १८७४ त तिचें जर्मन भाषांतर पीटरमनच्या भूगोलविषयक नियतकालिकांत छापलें गेलें. मूळ इंग्रजी हस्तलिखित स्कॉटलंडांतील ब्लंटायर येथें लिव्हिंग्स्टनच्या जन्मस्थानच्या संग्रहांत राहिलें. आणि त्याची चिकित्सक आवृत्ति २०१९ त प्रसिद्ध झाली. केरस फरार याचेंही एक निवेदन आहे. तें १९५० त युगांडांतील एका संशोधनपत्रिकेंत छापलें गेलें. म्हणजे तोंडीं सांगितलेली व दुसऱ्यानें लिहिलेली हकीकत त्याच वर्षीं जगापुढें आली आणि तिनें मत बनविलें. सहीनिशीं लिहिलेलें हस्तलिखित सुमारें दीड शतक थांबलें. हस्तलिखितसंग्राहकांनीं या एका उदाहरणाचा विचार करावा. कागद नष्ट झाला नव्हता; तो कोणाचा आहे याविषयींची उदासीनता तेवढी होती.

पाठभेदाचें एक उदाहरण घेऊं. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूची तारीख सर्वत्र १ मे १८७३ अशी दिली जाते; वेस्टमिन्स्टर ॲबींतील त्याच्या समाधीवरही तीच कोरली आहे. परंतु चितांबो गांवीं ज्या झाडाखालीं त्याचें हृदय पुरलें, त्या झाडावर वेनराइट यानें जो लेख कोरला त्यांत ४ मे अशी तारीख होती. त्या खोडाचा तुकडा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या संग्रहांत आहे. वेनराइटची तारीखच खरी, असा आमचा आग्रह नाहीं. अरण्यांत, आजारी धन्याच्या गणनेवर विसंबून राहिलेल्या माणसांचा तीन दिवसांचा हिशेब चुकणें शक्य आहे. स्वतः लिव्हिंग्स्टनचाही दिवसांचा हिशेब पूर्वीं चुकला होता. परंतु जागेवर, त्या प्रसंगीं, लिहितां येणाऱ्या मनुष्यानें कोरलेला लेख एकीकडे आणि वर्षभरानें परदेशीं केलेली आठवण दुसरीकडे, असा सामना असतां पहिल्याचा पाठ निदान तळटीपेंत तरी आला पाहिजे. शिलालेख व बखर यांत विरोध आल्यास आम्ही काय करितों? तोच नियम चितांबोच्या झाडास लावण्यास हरकत नसावी.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वेनराइट हा त्या मंडळींत नवा होता. लिव्हिंग्स्टनपाशीं त्याचें एक वर्षही पुरें झालें नव्हतें. मंडळीचे नायक सुसी व चुमा हेच होते, आणि त्यांपैकीं सुसी तर शरणपूरचा किंवा कोणत्याही शाळेचा विद्यार्थी नव्हता. त्याचा बाप्तिस्मा १८८६ त झाला. सोसायटीच्या खर्चानें शवाबरोबर इंग्लंडास गेला तो वेनराइट. १८ एप्रिल १८७४ च्या अंत्यविधींत शवपेटीचा मान त्यास मिळाला. सुसी व चुमा त्या दिवशीं तेथें नव्हते. यामुळें वेनराइटच्या नांवाचा बोलबाला आधीं झाला. म्हणून वॉलरच्या ग्रंथाचा दोष काढतांना वेनराइटला त्या यात्रेचा एकमेव पुढारी ठरविणें, जसें अलीकडे कोठें कोठें होतें, हेंही साधनांशीं इमान राखणें नव्हे.

४

या सर्व वाङ्मयांत एक शब्द पुनःपुन्हा येतो : ‘एकनिष्ठ सेवक’. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें या मंडळींसाठीं साठ पदकें पाडलीं, त्यांवरही ‘अखेरपर्यंत एकनिष्ठ’ अशाच अर्थाचे शब्द आहेत. मीमांसकांनीं विधि आणि अर्थवाद असा भेद केला आहे. स्तुतिवाक्यास त्याच्या शब्दार्थावरून प्रमाण मानावयाचें नसतें. तें कशाच्या पोटांत येतें आणि त्याचें तात्पर्य कोठें आहे हें पाहावयाचें असतें. येथें स्तुति सेवकाची दिसते. तात्पर्य मात्र धन्याच्या थोरवींत आहे. अशा वाक्यावरून धन्याविषयीं कांहीं कळेल, सेवकाविषयीं फार थोडें.

मग सेवकाविषयीं कशावरून कळेल? त्याच्या कृतीवरून. ऑक्टोबर १८७३ त उन्यान्येंबे येथें लेफ्टनंट कॅमेरॉन या मंडळींस भेटला. पुढील वाट धोक्याची आहे, शव येथेंच पुरावें, असा त्यानें सल्ला दिला. तो इंग्रज अधिकारी होता आणि लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठींच धाडला गेला होता. मंडळींनीं तो सल्ला मानला नाहीं आणि शव पुढें नेलें. नोकर हुकूम मानतो. येथें हुकूम देणाऱ्याच्या पदाचा मनुष्य समोर असतां विचार करून नकार देण्यांत आला. यास नेतृत्व म्हणावयाचें नाहीं तर कशास म्हणावयाचें?

दुसरी गोष्ट याहून सूचक आहे. चितांबो येथें हृदय पुरतांना प्रार्थनापुस्तकांतील अंत्यविधि वेनराइट यानें वाचला. तो दीक्षित धर्मोपदेशक नव्हता. शरणपूरचा एक शिकलेला तरुण होता. शरणपूरच्या कोणाही मनुष्यास धर्मोपदेशकाची पदवी मिळावयास त्यापुढें बारा वर्षें लागावयाचीं होतीं. अधिकार मिळण्याआधीं कार्य सुरू झालें, हा या कथेंतील मुख्य मुद्दा आहे असें आम्हांस वाटतें.

याविरुद्ध जाणारा पुरावा लपवितां कामा नये. १८६६ त गेलेल्या नऊ तरुणांविषयीं लिव्हिंग्स्टनच्या टिपणांत तक्रारींचा सूर आहे. ते आळशी आहेत असें तो लिहितो. त्यांतील कांहीं मेले, कांहीं सोडून गेले, कांहींनीं पुढें जाण्याचें नाकारलें. १८७० त तो मान्येमाच्या मुलुखांतून पुढें निघाला तेव्हां त्याच्याबरोबर सुसी, चुमा आणि शरणपूरचा गार्डनर एवढेच उरले होते. हा पुरावा आम्ही मान्य करितों; परंतु कारागिरीचें व लिहिण्यावाचण्याचें शिक्षण दिलेल्या मुलांस ओझीं वाहावयास लाविलें असतां तीं कुरकुरलीं, यांत त्यांच्या शीलाचा निवाडा कितपत होतो, याचा विचार वाचकांनींच करावा.

५

दुसरा ग्रंथ घेऊं : ई. सी. डॉसन यांनीं लिहिलेलें बिशप हॅनिंग्टन यांचें चरित्र (१८८७). हॅनिंग्टन हे पूर्व विषुववृत्तीय आफ्रिकेचे पहिले बिशप. त्यांनीं १८८५ त जोन्स व सेम्लर या दोघां शरणपूरकरांस डीकनची दीक्षा दिली. १८६४ पासून १८८५ पर्यंत एकवीस वर्षें हे दोघे रबईच्या बाजूस काम करीत होते. याच वर्षीं हॅनिंग्टन मसाईंच्या मुलुखांतून युगांडाकडे निघाले, ते जोन्स यांस बरोबर घेऊन. काविरोंदोंत मुख्य तळ जोन्स यांच्या हवालीं करून बिशप सुमारें पन्नास माणसांनिशीं पुढें गेले आणि २९ ऑक्टोबर १८८५ रोजीं राजा म्वांगाच्या हुकुमानें बुसोगांत मारले गेले. जोन्स यांनीं वाट पाहिली, बातमीची खात्री करून घेतली, आणि उरलेली सर्व माणसें घेऊन ते फेब्रुवारी १८८६ त रबईस परतले. तांड्यापुढें निळें निशाण होतें व त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’ हा, वैभव गेलें अशा अर्थाचा, हिब्रू शब्द होता.

डॉसन यांनीं जोन्स यांच्या रोजनिशीचा भरपूर उपयोग केला आहे आणि तो उघड सांगितला आहे. या बाबतींत ते वॉलर यांच्यापेक्षां सरस ठरतात. परंतु ग्रंथाची मांडणी हुतात्म्याच्या चरित्राची असल्यामुळें नायकाच्या मृत्यूबरोबर कथा संपते. शेंकडों कोसांवरून तांडा माघारा सुरक्षित आणणारा मनुष्य परतीच्या निशाणापाशीं वाचकाच्या नजरेआड होतो.

खरें तर जोन्स यांचें मोठें काम यानंतरचें आहे. रबईस त्यांच्या वस्तींत मालकांकडून पळून आलेल्या गुलामांस आश्रय मिळत असे. त्यांची संख्या वाढत जाऊन १८८८ त प्रकरण पेटलें. किनाऱ्यावरचे मालक चिडले, आणि मिशनचे वरिष्ठ व इंग्रज अधिकारी पेंचांत सांपडले. शेवटीं इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या वतीनें जॉर्ज मॅकेंझी यांनीं मालकांस मोबदला देऊन १ जानेवारी १८८९ रोजीं रबईस चौदाशांच्या आसपास माणसांस मुक्तिपत्रें दिलीं. इतिहासांत हें कार्य मॅकेंझी यांच्या नांवावर मांडलें जातें. मोबदल्याचा पैसा त्यांनीं उभा केला, हें खरें. पण हीं माणसें मुळांत रबईस एकत्र जमलीं, तीं ज्यानें दार उघडें ठेविलें त्याच्यामुळें. आणि तो मनुष्य लहानपणीं स्वतः गुलामगिरींतून सुटून आपल्या नाशिकास वाढला होता.

६

या विषयावर लिहिणारे ‘वाढ’ हा शब्द वापरतात. त्या शब्दांत एक गृहीत आहे : कोणी माळी आहे, त्यानें रोप लाविलें, पाणी घातलें, आणि तें क्रमानें मोठें झालें. साधनें पाहतां असा क्रम दिसत नाहीं.

शरणपूरचे तरुण ज्या १८६४ त रबईस पोंचले, त्याच वर्षीं जूनमध्यें पश्चिम आफ्रिकेंतील सॅम्युएल अजायी क्राउथर यांस कँटरबरी येथें बिशपाची दीक्षा मिळाली. लहानपणीं गुलामांच्या जहाजावरून सुटलेला हा मनुष्य अँग्लिकन मंडळीचा पहिला आफ्रिकी बिशप. तीनही स्वत्वें, म्हणजे आपला खर्च, आपला कारभार व आपला प्रसार मंडळीनें स्वतःच करावा, हें चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन यांचें तत्त्व होतें. परंतु व्हेन १८७३ त वारले, आणि १८९० त तरुण युरोपियन मिशनऱ्यांनीं क्राउथर यांच्या माणसांवर व कारभारावर असे आघात केले कीं त्यांस नायजरच्या समितींतून बाहेर पडावें लागलें. ३१ डिसेंबर १८९१ रोजीं ते वारले आणि त्यांच्या जागीं युरोपियन बिशप आला. पूर्वेकडे जोन्स व सेम्लर यांच्या दीक्षेपासून केनियांतील पहिले आफ्रिकी बिशप, ओबाडिया कारियुकी व फेस्टो ओलांग, होईपर्यंत १९५५ साल उजाडलें. आर्चबिशपपद ओलांग यांजकडे आलें तें १९७० त.

आमच्या देशांत तरी काय झालें? गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रु यांस रोमनें १६३७ त बिशप केलें आणि आदिलशाही मुलुखासाठीं धाडलें. गोव्याच्या आर्चबिशपानें त्यांचा अधिकार मानला नाहीं आणि त्यांस डिचोलीस बसून झगडावें लागलें. अमेरिकन मिशननें अहमदनगरास हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांस १८५४ त पाळकपदाची दीक्षा दिली. अँग्लिकन मंडळीस पहिला हिंदी बिशप, अझारिया, १९१२ पर्यंत सांपडला नाहीं. आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं १८६१ त जन्मलेले कवि नारायण वामन टिळक यांनीं १९१७ त मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्याच्या मुळाशींही हाच प्रश्न होता : पगार ज्याच्या हातीं, धर्माचा कारभारही त्याच्याच हातीं राहावा काय?

क्राउथर, जोन्स, कास्त्रु, टिळक हे चार निरनिराळ्या काळांतले, देशांतले व पंथांतले. तरी प्रत्येकाच्या बाबतींत कार्य आधीं व मान्यता मागाहून, किंवा मान्यता आधीं व अधिकार हातचा गेलेला, असेंच आढळतें. म्हणून ‘वाढ’ या शब्दाऐवजीं जुना ‘वहिवाट’ हा शब्द आम्हांस अधिक योग्य वाटतो. जमीन कसणारा एक, सनद दुसऱ्याच्या नांवें, आणि पुष्कळ वर्षांनीं वाद उपस्थित झाला म्हणजे वहिवाट कोणाची होती हें पाहावयाचें. त्याचा पुरावा सनदेंत नसतो, तो गांवच्या कागदांत असतो.

७

आतां आमच्या मंडळींच्या करण्यासारखें काय आहे? या माणसांचीं नांवेंच पाहा. वेनराइट, वेलिंग्टन, जोन्स हीं सर्व दिलेलीं नांवें. मॅथ्यू वेलिंग्टन हा १९३५ पर्यंत मोंबासास हयात होता; त्याचें मूळ नांव चेंग्विंबे असें नोंदलें गेलें, तें त्याच्या म्हातारपणीं कोणीतरी विचारलें म्हणून. बाकीच्यांपैकीं बहुतेकांस कोणी विचारलें नाहीं. मूळ नांवें, वय, कोणत्या गलबतावरून उतरलीं, कोणता धंदा शिकलीं, कोणाशीं लग्न झालें, या गोष्टी बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदवह्यांत, शाळेच्या हजेरीपटांत आणि पत्रव्यवहारांत असावयाच्या. असे कागद नाशिक, मुंबई, अहमदनगर किंवा आमच्या किनाऱ्यावरील जुन्या ख्रिस्ती घराण्यांत कोणाच्या संग्रहीं असतील, तर त्यांची नक्कल तरी करून ठेवावी. बखरीच्या एका फाटक्या पानासाठीं आपण कोसच्या कोस तंगडतोड करितों. तेवढेच कष्ट या कागदांसाठीं घ्यावे.

वॉलर व डॉसन यांचे ग्रंथ टाकाऊ आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांच्यावांचून आज आपणांस यांतील पुष्कळ कळलेंच नसतें. परंतु ते धन्याच्या बाजूनें लिहिलेले ग्रंथ आहेत, हें ध्यानांत ठेवून ते वाचले पाहिजेत. आणि वेनराइटची रोजनिशी छापून उपलब्ध झाल्यावर तिच्याशीं ताडून पाहिल्यावांचून वॉलर यांचा आधार एकट्यानें घेणें यापुढें क्षम्य ठरूं नये.

वेनराइट १८९२ त उरांबो येथें वारला. त्यानें कोरलेलें झाड पुढें तोडलें गेलें, त्याचा तुकडा लंडनास गेला. त्याची लिहिण्याची विद्या मात्र शरणपूरची. एवढें तरी यापुढें शाळेंतल्या मुलांस सांगितलें जावें, म्हणून हा लेख.